रटलंड वॉटर: वारा बघून ट्राउट गरवा, वारा बघून चाला

लेस्टरहून पूर्वेला निघालं की गाडीने पाऊण-एक तासात रटलंड वॉटर येतं. ओकहॅम आणि स्टॅमफर्ड या दोन गावांच्या मधल्या शेतांत हा जलाशय पसरला आहे. पाण्याच्या पसाऱ्याने मोजला तर इंग्लंडमधला सर्वांत मोठा. साठ्याने मोजला तर उत्तरेचा कील्डर त्याच्या पुढे जातो. १९७०च्या दशकात ग्वॉश नावाच्या छोट्या नदीच्या खोऱ्यात एम्पिंगहॅमजवळ मातीचं धरण बांधलं, आणि वेलंड व नीन या नद्यांचं पाणी पंपाने आणून खोरं भरलं. घरात एकाला मासे गरवायचे आहेत आणि बाकीच्यांना चालायचं आहे, अशी वाटणी असली तरी दोघांचाही दिवस इथे छान जातो. लेस्टर, कॉव्हेंट्री, मिल्टन कीन्सकडे राहणाऱ्यांना तर सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येतं.

इथे नवखे लोक बहुतेक वेळा एकाच कारणाने हिरमुसतात. ते गाडी लावायला सोयीची जागा शोधतात आणि तिथूनच सुरुवात करतात. रटलंडला आधी वाऱ्याची दिशा बघायची आणि गाडी कुठे लावायची ते मग ठरवायचं. मासा कुठे असेल, फेक जमेल की नाही, चालताना तोंडावर गार वारा येईल की पाठीवर, हे सगळं त्यावरच ठरतं.

जलाशयाचा आकार

घोड्याचा नाल आडवा ठेवून त्याची दोन टोकं पश्चिमेकडे केली, तर जो आकार होईल तो रटलंडचा. पश्चिमेला दोन फाटे, त्यांच्या मध्ये हॅम्बलटनची जमीन द्वीपकल्पासारखी आत घुसलेली, आणि पूर्वेला मोठं खुलं पाणी व धरण. उत्तर काठावर बार्न्सडेल, व्हिटवेल, साइक्स लेन. दक्षिण काठावर नॉर्मंटन, एडिथ वेस्टन आणि पुढे पश्चिमेकडे लिंडन, मॅंटन. पश्चिम टोकाला एगलटनचं पक्षी अभयारण्य.

धरणाजवळ पाणी तीस मीटरहून खोल आहे, तर फाट्यांच्या पश्चिम टोकांना उथळ. उथळ पाणी वसंतात लवकर तापतं, खोल पाणी उन्हाळ्यात थंड राहतं, आणि ट्राउट त्याप्रमाणे जागा बदलतो. त्याला साधारण १० ते १८ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. २०च्या वर गेलं की तो खाणं सोडून खोल पाणी गाठतो.

तळाशी बुडालेली शेतं, कुंपणांच्या रांगा आणि जुने रस्ते आहेत. मासा उघड्या सपाट तळापेक्षा अशा कडांच्या आधाराने फिरतो. हॅम्बलटनच्या काठावर एखादा जुना रस्ता सरळ पाण्यात उतरताना दिसला, तर त्याच्या दोन्ही बाजू आधी गरवून बघा.

परवाना वेगळा, तिकीट वेगळं

दोन कागद लागतात. पहिला एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा रॉड परवाना. तो सरकारी संकेतस्थळावर काही मिनिटांत मिळतो. एक दिवस, आठ दिवस किंवा बारा महिने असे प्रकार आहेत. ट्राउट आणि साध्या गोड्या पाण्यातल्या माशांचा परवाना पुरतो, सॅल्मन माशाचा महागडा परवाना घेऊ नका. १३ वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही. १३ ते १६ वयाच्या मुलांना तो फुकट मिळतो, पण काढावा लागतोच. परवान्याशिवाय पकडले गेलात तर २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

दुसरं म्हणजे जलाशयाचं तिकीट, फिशिंग लॉजवर किंवा आधी ऑनलाइन. पकडलेले मासे घरी न्यायचे की सोडायचे, किती न्यायचे, हे तिकिटाच्या प्रकारावर ठरतं. घेतानाच ते नीट वाचा, कारण ठरलेली संख्या पूर्ण झाल्यावर गरवत राहणं हा नियमभंग ठरतो. ट्राउटसाठी फक्त फ्लाय चालते, म्हणजे गळावर पिसं-धागे बांधून केलेली किड्याची किंवा पिल्लाची नक्कल. गांडूळ, मैदा, कोळंबी असलं कोणतंही आमिष चालत नाही. किती मासे लागले याची नोंद दिवसाच्या शेवटी द्यायची असते. एकही लागला नसेल तरी ती द्या, त्या नोंदींवरून व्यवस्थापनाला पाण्याचा अंदाज येतो.

कोणता काठ

इंग्लंडच्या या भागात वारा बहुतेक दिवस नैर्ऋत्येकडून वाहतो. अशा दिवशी उजव्या हाताने फेकणाऱ्या नवख्याने नॉर्मंटनच्या काठावर जावं. तिथे तोंड उत्तरेकडे असतं, म्हणजे वारा डाव्या खांद्यामागून येतो. तो दोऱ्याला पुढे ढकलतो आणि फ्लायला शरीरापासून लांब नेतो. त्याच दिवशी व्हिटवेलला उभे राहिलात तर वारा समोरून, उजवीकडून येतो. फेक मेल्यासारखी पडतेच, शिवाय टोकदार गळ कानाच्या उंचीवरून तुमच्याच अंगावर येतो. डावखुऱ्यांना नॉर्मंटनलाही काळजी घ्यावी लागते. त्यांनी काठावरच्या एखाद्या टोकावर जाऊन थोडं पूर्वेकडे वळून उभं राहावं, म्हणजे वारा पाठीवर येतो. उत्तरेचा किंवा ईशान्येचा वारा असेल तर सगळं उलटं. मग व्हिटवेल, बार्न्सडेलचा काठ निवाऱ्याचा.

अनुभवी मंडळी मात्र मुद्दाम वारा अंगावर घेतात. पृष्ठभागावरचे किडे वाऱ्याबरोबर वाहत पलीकडच्या काठाला गोळा होतात, लाटांनी काठ गढूळ होतो, आणि त्या गढूळ-स्वच्छ पाण्याच्या सीमेवर ट्राउट फिरतो. फेक पक्की झाल्यावर हा काठ सोडू नका. पण मार्च-एप्रिलमध्ये थंड ईशान्य वारा सुटला असेल तर अनुभवी माणसानेही निवारा शोधावा. त्या दिवसांत वारा आदळतो तिथे अन्नापेक्षा गारठाच जास्त पोचतो.

पाण्यावर गुळगुळीत पट्टे दिसतात का ते बघा. वाऱ्याच्या दिशेने लांबवर गेलेले, फेसाळ कडेचे पट्टे. त्यांत मेलेले आणि अडकलेले किडे गोळा होतात, आणि ट्राउट वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने पोहत ते टिपत येतो. मासा वर येऊन गेला की फ्लाय त्या वर्तुळात टाकू नका, वाऱ्याकडच्या बाजूला दोन-तीन मीटर पुढे टाका.

सामान

साडेनऊ ते दहा फुटी, ७ नंबरचा रॉड. त्याला साजेशी ७ नंबरची, पुढून जड असलेली तरंगती लाइन. रिळावर लाइनच्या मागे निदान ५० मीटर बॅकिंग, म्हणजे जादा दोरा, कारण मोठा रेनबो ट्राउट एका धावेत लाइन संपवू शकतो. नंतर कधी दुसरी लाइन घ्यायची झाली तर हळू बुडणारी इंटरमीडिएट घ्या, खूप वेगाने बुडणारी लाइन बोटीवर गेल्याशिवाय उपयोगाची नाही. लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्या मधला बारीक दोरा, ६ ते ८ पौंडी (तेवढ्या पौंडांचा ताण सोसणारा) फ्लुरोकार्बनचा. ४ पौंडीवर मासे जास्त लागतात, असं कुणी सांगेल. इथे मासा धक्का देऊन घेतो, ४ पौंडी तुटतं आणि गळ त्याच्या तोंडात राहतो. तो मोह टाळा.

चष्मा आणि टोपी यांना पर्याय नाही. पोलराइज्ड चष्म्याने पाण्याखालचं दिसतं, पण तो घालायचा मुख्य हेतू डोळा वाचवणं हा आहे. रबरी जाळीचं हातजाळं, मासा मारायला छोटा दंडुका, गळ काढायला चिमटा, थंडीत बोटं उघडी ठेवणारे हातमोजे. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट करा. मासा सोडायचा असेल तर त्याला त्रास कमी, आणि तुमच्या बोटात शिरला तर तुम्हालाही.

एक वस्तू भारतीय दुकानातून आणा: मुलतानी माती. चमचाभर मातीत दोन थेंब भांड्यांचा साबण आणि थोडं ग्लिसरीन मळून छोट्या डबीत ठेवा आणि लीडरवर चोळा. लीडरवरचा तेलकटपणा गेला की तो लगेच बुडतो. तरंगणारा लीडर पाण्याच्या पातळ पापुद्र्यावर रेघ ओढत जातो, आणि शांत पाण्यात ती रेघ बघून ट्राउट वळून निघून जातो. दुकानात याच मिश्रणाची छोटी डबी बऱ्याच पैशांना मिळते.

फ्लाय बांधायला ब्लड नॉट पुरेशी. दोरा गळाच्या डोळ्यातून घाला, मुख्य दोऱ्याभोवती पाच वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या फटीतून काढा आणि तयार झालेल्या मोठ्या फटीतून पुन्हा आत घाला. आता थुंकीने ओलं करून सावकाश ओढा. कोरडी गाठ ओढली की घर्षणाच्या उष्णतेने फ्लुरोकार्बन कमजोर होतं. वरून गाठ छान दिसते आणि पहिल्याच माशाला तुटते. प्रत्येक गाठ बांधल्यावर हाताने जोरात ओढून बघा. तुटायची असेल तर तिथेच तुटू दे.

फेक

बारा ते पंधरा मीटर दोरा सरळ पडला की काठावरून मासा मिळतो. पहाटे तर ट्राउट काठापासून दहा मीटरच्या आतच असतो. म्हणून आल्या आल्या पाण्यात उतरायचं नाही. आधी काठापासून दोन पावलं मागे उभं राहून जवळचं पाणी गरवा, उतरायचं ते नंतर, तेही गुडघ्यापर्यंतच.

रॉडचं टोक पाण्याजवळ, दोरा ताणलेला. हळू उचलायला सुरुवात करा, वेग वाढवत न्या, आणि घड्याळाच्या एकच्या काट्याशी झटकन थांबा. आता थांबायचं. मागे दोरा उलगडून सरळ होईपर्यंत पुढे यायचं नाही. मग दहाच्या काट्यापर्यंत वेग वाढवत या, थांबा, आणि रॉड खाली न्या. मागे चाबकासारखा आवाज आला तर तुम्ही घाई केलीत, आणि बहुधा फ्लाय तुटून गेली आहे. मनगट मागे झुकलं तर दोरा गवतात पडतो. पुढे एकदम झटका दिला तर दोरा स्वतःलाच ओलांडतो आणि लीडरमध्ये हवेतल्या हवेत बारीक गाठ पडते. ती दिसत नाही, बोटांना लागते. तिथे लीडरची ताकद जवळपास निम्मी होते. थोड्या थोड्या वेळाने लीडर बोटांतून फिरवा, आणि गाठ लागली तर उकलत बसू नका, तो तुकडा बदला.

धरणावर गरवताना मागे दगडांचा चढ असतो. मागची फेक जरा खाली गेली तरी गळाचं टोक दगडाला लागून मोडतं आणि ते तुम्हाला कळत नाही. मग मासे एकामागून एक लागतात आणि सुटतात. अशा वेळी माशाला दोष न देता नखावर गळ टेकवून बघा. सरकला तर बोथट, अडकला तर ठीक.

रस्त्याच्या कडेच्या काठावर प्रत्येक फेकीआधी मागे वळून बघा. चालणारे आणि सायकलवाले त्याच वाटेने येतात, आणि मागे जाणारा दोरा त्यांना दिसत नाही. चालणाऱ्यांनीही पाठमोऱ्या गरवणाऱ्याच्या मागून गुपचूप जाऊ नये. हाक द्यावी, तो दोरा खाली घेईल, मग पुढे जावं.

एप्रिल-मेचं बझर

रटलंड शिकायचं असेल तर एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. या दिवसांत ट्राउटचं मुख्य अन्न म्हणजे न चावणाऱ्या चिलटांचे कोष. या चिलटांच्या लाल अळ्या तळातल्या चिखलात वाढतात. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, म्हणूनच त्या कमी प्राणवायूच्या गाळातही जगतात. नंतर कोष होतो, तो हळूहळू पाण्याच्या वर येतो, आणि पृष्ठभागावर फुटून चिलट उडून जातं. वर येण्याच्या या प्रवासात तो जवळजवळ असहाय असतो, आणि ट्राउट नुसतं तोंड उघडून त्यांच्यातून पोहत जातो. गरवणारे या कोषाच्या नकलेला बझर म्हणतात. काळा, गडद हिरवा, लालसर कडेचा, १० किंवा १२ नंबरच्या गळावर, वरून चकचकीत रोगण.

पहिल्यांदा एकच बझर लावा, साडेतीन मीटरच्या लीडरवर. हात बसल्यावर तीन. लाइनपासून दीड मीटरवर पहिली फ्लाय, तिथून सव्वा मीटरवर दुसरी, पुढे दीड मीटरवर शेवटची आणि सर्वांत जड. पहिल्या दोन्ही फ्लायसाठी लीडरचे तुकडे चार वेढ्यांच्या वॉटर नॉटने जोडा आणि खाली, शेवटच्या फ्लायकडे वळलेलं टोक दहा-पंधरा सेंटिमीटर ठेवून त्यावर फ्लाय बांधा. वर वळलेलं टोक कापून टाका.

वाऱ्याला काटकोनात फेका. मग काही करू नका, आणि हेच सर्वांत अवघड. दोरा वाऱ्याने आपोआप कमानीत फिरू लागतो. तुम्ही फक्त सैल झालेला दोरा बोटांनी आठच्या आकड्यात गोळा करायचा, फ्लाय ओढायची नाही. नैसर्गिक कोष आडवा धावत नाही, त्यामुळे वेगाने ओढलेला बझर मासा ओळखतो. वारा जास्त असेल आणि दोऱ्याचा मोठा फुगा होऊन तो फ्लायला फरपटत नेत असेल, तर रॉडने दोरा उचलून वाऱ्याकडे टाका. पहिल्या फेकीला दहा मोजून दोरा गोळा करायला लागा, पुढच्या फेकीला वीस, मग तीस. मासा ज्या मोजणीला लागला तीच पुढे धरा. खोली बदलली नाही तर दिवसभर माशांच्या डोक्यावरून फ्लाय फिरत राहते.

मासा लागल्याची खूण म्हणजे वाहता दोरा थांबतो किंवा कमान सरळ होऊ लागते. रॉड फक्त उचला, हिसका नको. आणि रॉड कधीही दोऱ्याच्या सरळ रेषेत धरू नका, थोडा कोन ठेवा, म्हणजे धक्का रॉडचं टोक झेलेल. ताणलेल्या दोऱ्यावर मासा आदळला आणि रॉड सरळ असला तर ८ पौंडीसुद्धा तुटतं. बझरवर सर्वांत जास्त मासे असेच जातात.

जून ते ऑगस्टमध्ये ऊन चढलं की काठावरून पहाटे आणि तिन्हीसांजेलाच अर्थ आहे. सप्टेंबरमध्ये लांब पायांचे डॅडी लाँग-लेग्ज शेतांतून वाऱ्याने पाण्यावर पडतात. त्यांची तरंगती नक्कल टाका आणि तशीच राहू द्या. ऑगस्टअखेरपासून मोठे ब्राउन ट्राउट रोच-पर्च या माशांच्या पिल्लांमागे काठाशी येतात. पिल्लं पाण्याबाहेर उसळताना दिसली की चार-पाच सेंटिमीटरची पांढरी पिल्लाची नक्कल त्यांच्या कडेला टाका, घोळक्याच्या मध्यावर नव्हे. घोळक्यापासून फुटलेलं, जखमी पिल्लू ट्राउट आधी घेतो.

बोट

दोघांनी मिळून बोट घ्या, एकट्याने पहिल्या वेळी नको. लाइफ जॅकेट घालायचं आणि काढायचं नाही. एप्रिलात पाणी इतकं गार असतं की पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वासावर ताबा राहत नाही, पोहणं येणाऱ्याचाही. वाऱ्याचा अंदाज ताशी २० मैलांच्या वर असेल तर काठावर थांबा.

बोट वाऱ्याला आडवी करून वाहू देतात आणि दोघे वाऱ्याच्या दिशेला तोंड करून पुढे फेकतात. बोट फार वेगाने वाहत असेल तर ड्रोग टाकतात, म्हणजे कापडी पॅराशूट, तो बोटीच्या वाऱ्याकडच्या बाजूला पाण्यात फुगतो. दोरी बोटीच्या बरोबर मध्यावर बांधा. पुढे-मागे सरकली तर बोट तिरकी वाहते आणि एकाचा दोरा दुसऱ्याच्या दोऱ्यात जातो. इंजिन सुरू करण्याआधी ड्रोग आत घ्यायचा, नाहीतर कापड पंख्यात गुंडाळलं जातं. उभं राहून फेकू नका.

मासा लागल्यावर

रॉड वाकलेला ठेवा. मासा पळाला तर पळू द्या, रीळ धरून ठेवू नका. तो उडी मारतो तेव्हा रॉडचं टोक क्षणभर खाली न्या. जाळं आधी पाण्यात बुडवून स्थिर धरा आणि मासा त्यावर ओढा. जाळं माशामागे फिरवलं की तो लीडरवर आदळून जातो.

सोडायचा असेल तर हात ओले करा, मासा पाण्यातच ठेवा, गळ चिमट्याने काढा, आणि तोंड वाऱ्याकडे करून सरळ धरा. स्वतःच्या जोरावर जाईल तेव्हाच सोडा. भर उन्हाळ्यात सोडलेला दमलेला मासा बऱ्याचदा मरतो, म्हणून त्या दिवसांत नेण्याचं तिकीट घ्यावं, लागलेले मासे न्यावेत आणि थांबावं. न्यायचा असेल तर डोक्यावर डोळ्यांच्या थोडं मागे दंडुक्याने दोन ठाम घाव. हे लगेच करा, गवतावर तडफडू देऊ नका. मग कल्ले कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत उन्हात नाही.

चालणाऱ्यांसाठी

पूर्ण वळसा हॅम्बलटनसकट ३७ किलोमीटर, हॅम्बलटन वगळला तर २७. ३७ किलोमीटर चालायला आठ-नऊ तास लागतात. डिसेंबरात उजेडच जेमतेम आठ तास असतो, म्हणून तो बेत मे ते ऑगस्टमध्ये करा, किंवा सायकलने जा. पहिल्या भेटीला आमची शिफारस फक्त हॅम्बलटनची, साधारण ८ किलोमीटर, दोन ते अडीच तास. वाट खडीची, पण छोटे छोटे चढ-उतार संपत नाहीत. लहान मुलांच्या गाडीला दम लागतो.

नैर्ऋत्येचा वारा असेल तर गावातून निघून आधी दक्षिण काठाने पूर्वेकडे जा. वारा पाठीवर राहतो, वाटेत पाण्याच्या अगदी कडेला उभं असलेलं दगडी ओल्ड हॉल लागतं, आणि परतताना उत्तर काठावर टेकडी व झाडं वारा अडवतात. उलटं गेलात तर थकलेल्या शेवटच्या तासात उघड्या काठावर वारा तोंडावर घ्यावा लागतो. एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत इथल्या रानात निळ्या ब्लूबेलचा गालिचा असतो. गावातले रस्ते अरुंद आहेत, गाडी कुणाच्या फाटकासमोर लावू नका.

आजी-आजोबा, ढकलगाडी किंवा व्हीलचेअर बरोबर असेल तर नॉर्मंटनहून धरणाकडे जा. वाट सपाट आहे. सुरुवातीलाच नॉर्मंटनचं चर्च लागतं. जलाशय भरताना ते अर्धं बुडणार होतं, म्हणून आतला खालचा भाग दगड-काँक्रीटने भरला, जमीन वर घेतली आणि भोवती बांध घातला. पुढे धरणाचा माथा सव्वा किलोमीटर लांब, पूर्ण उघडा. जुलैतही विंडचीटर बरोबर ठेवा.

ऑस्प्रे बघायचे असतील तर लिंडनच्या बाजूला जा, एप्रिल ते ऑगस्टमध्ये. १९९६पासून स्कॉटलंडहून पिल्लं आणून हा मासेखाऊ गरुड इथे पुन्हा रुजवला, आणि २००१मध्ये पहिली वीण झाली. मॅंटन बेमधलं घरटं तिथल्या आडोशातून दुर्बिणीने स्पष्ट दिसतं. अभयारण्याला वेगळं तिकीट आहे आणि कुत्र्यांना बऱ्याच भागात मनाई आहे. मुलांना हेही दाखवा की याच अभयारण्यात २०२१मध्ये पाणी उतरवलेल्या तळ्यात सुमारे दहा मीटर लांबीच्या इक्थिओसॉरचा, म्हणजे डायनोसॉरच्या काळातल्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा सांगाडा सापडला.

उन्हाळ्याच्या शेवटी काठाशी हिरवी, रंगासारखी साय दिसली तर कुत्रं आणि मुलं दोघांनाही पाण्यापासून लांब ठेवा. १९८९मध्ये इथल्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या विषाने मेंढ्या आणि कुत्री मेली होती. कुत्रं पोहून आलं आणि अंग चाटू लागलं, की विष पोटात जातं.

घरी आणल्यावर

पोट उघडताना जठर फेकण्याआधी चिरून बघा. आत काळे कोष आहेत, की पिल्लं, की गोगलगायी, यावरून पुढच्या वेळी कोणती फ्लाय बांधायची ते ठरतं. कण्याला चिकटलेली गडद रक्ताची रेघ अंगठ्याच्या नखाने पूर्ण खरवडा, ती राहिली तर चव बिघडते. खवले इतके बारीक असतात की काढायची गरज नाही. जाड मिठाने चोळून बुळबुळीतपणा काढला की पुरे.

ऑगस्टच्या माशाला कधी चिखलाचा वास येतो. तो जिऑस्मिन नावाच्या द्रव्याचा, पहिल्या पावसानंतर मातीला येणाऱ्या वासातही हेच असतं. आंबटात ते मोडतं, म्हणून आपली पद्धत इथे नेमकी कामाची. दोन सेंटिमीटरच्या तुकड्यांना हळद, मीठ आणि कोकमाचं आगळ लावून वीस मिनिटं ठेवा. आगळ नसेल तर लिंबू. मग तिखट, आलं-लसूण, वरून रवा, आणि मध्यम आचेवर प्रत्येक बाजू तीन-चार मिनिटं. ट्राउट सुरमईपेक्षा मऊ असतो, तव्यावर एकदाच उलटा. दोनदा उलटला की तुकडा मोडतो.

शेवटचं काम सामानाचं, आणि ते त्याच रात्री करायचं. रटलंड ज्या पाणी कंपनीचं आहे, तिच्याच ग्रॅफम वॉटर जलाशयात २०१०मध्ये किलर श्रिम्प हा परदेशी, इतर जीवांवर तुटून पडणारा छोटा झिंगा सापडला. असे जीव ओल्या बुटांतून आणि जाळ्यांतून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातात. चिखल, शेवाळ काढा. वेडर (पाण्यात उतरताना घालायची बुटांसकट जलरोधक विजार) आणि जाळं ४५ अंशांच्या गरम पाण्यात पंधरा मिनिटं बुडवा, आणि शिवणीसकट खडखडीत वाळू द्या. लाइन रिळावरून सैल काढून ओल्या फडक्याने पुसा. ओली तशीच गुंडाळून ठेवली तर वेटोळी बसतात, आणि पुढच्या वेळी ती मार्गदर्शक कड्यांतून सुटत नाही.